‘कारण अज्ञात’ लिहिण्यापूर्वी ठोक्यांच्या गोळीचे नाव विचारावे : महाराष्ट्रातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील हृदयरोगतज्ज्ञ, फिजिशियन, शल्यचिकित्सक आणि आपत्कालीन विभागांतील वैद्यकीय अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर दिल्या जाणाऱ्या ॲमिओडॅरोन या औषधाच्या काळात क्वचित काही रुग्णांना स्वादुपिंडाची तीव्र सूज, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला पॅन्क्रिअ‍ॅटायटिस म्हणतो तो आजार, झाल्याचे वैद्यकीय वाङ्मयात पंचवीसहून अधिक वर्षांपासून नोंदलेले आहे. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही हा दुष्परिणाम छापलेला असतो. तरीही पोटदुखीने भरती झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात फार थोड्या वेळा आल्या. मी शासकीय रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम करते, औषधवाटपाच्या खिडकीमागे बसते आणि औषधांच्या दुष्परिणामांचे फॉर्म भरण्यात वॉर्डातील डॉक्टरांना मदत करते. निदान करणे हे माझे काम नाही आणि या पत्रात तसा आव आणण्याचा विचारही नाही. रुग्ण कोणती गोळी, कधीपासून, किती प्रमाणात घेतो आहे हे नेमके कळणे हा मात्र माझ्या कामाचा गाभा आहे, आणि त्याच बाजूने मी आपल्याशी बोलत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र ॲमिओडॅरोनच्या विरोधात नाही. या औषधाने वाचलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. १९६१ साली बेल्जियममधील लाबाझ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या खेल्ला या वनस्पतीतील खेलिन या द्रव्याच्या अभ्यासातून त्याची वाट निघाली होती आणि सुरुवातीला ते छातीतील कळ कमी करण्यासाठी, म्हणजे अंजायनासाठी, वापरले गेले. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे ब्रह्मा सिंग यांनी १९७० साली प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याचा ठोक्यांवरील परिणाम दाखवला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८५ साली ते जीवघेण्या व्हेंट्रिक्युलर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील) अनियमिततेसाठी मान्य केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९८९ साली, ‘कास्ट’ नावाच्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड दिल्याने ठोके दिसायला सुधारतात, पण मृत्यू वाढतात, असे त्या चाचणीत आढळले, आणि कमकुवत हृदयाच्या रुग्णांसाठी हाताशी असलेली औषधे एकदम कमी झाली. ड्रोनेडॅरोन हे ॲमिओडॅरोनचे आयोडीन नसलेले भावंड पुढे आले, पण हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत त्याने धोका वाढतो हे २००८ च्या चाचणीत स्पष्ट झाले. त्यामुळे झटक्यानंतर हृदयाची ताकद घटलेल्या रुग्णाला, किंवा झडपेच्या आजारात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) सुरू झालेल्या रुग्णाला, आजही आपण ॲमिओडॅरोनच लिहून देता, आणि ते योग्यच आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे.

हे औषध शरीरात राहते कसे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही, परंतु पुढचा मुद्दा त्यावरच उभा असल्याने दोन वाक्ये लिहिते. त्याच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीन असतो. ते चरबीत विरघळते, त्यामुळे यकृत, फुप्फुसे, त्वचा आणि चरबीच्या पेशींत साठत जाते आणि गोळी बंद केल्यावरही रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात, काही रुग्णांत चार महिन्यांहूनही अधिक. थायरॉइड, यकृत, फुप्फुसे आणि डोळे यांच्याकडे लक्ष ठेवण्याची शिस्त आपल्याकडे बऱ्यापैकी रुजली आहे. चिठ्ठीवर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एलएफटी (यकृताची तपासणी) लिहिलेले मी नेहमी पाहते. स्वादुपिंड या यादीत नाही, आणि तिथे नियमित तपासणी करावी असा आग्रह कोणीही धरू नये, कारण लक्षणे नसताना लायपेज हे स्वादुपिंडाचे विकर रक्तात मोजत राहण्याने काही साधत नाही. प्रश्न लक्षणे आल्यानंतरचा आहे.

पुरावा काय आहे, तेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. ‘लॅन्सेट’मध्ये १९९७ साली ॲमिओडॅरोन सुरू असताना तीव्र स्वादुपिंडदाह झालेल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली, आणि नंतर इतर नियतकालिकांतही अशा तुरळक नोंदी येत राहिल्या. स्वादुपिंडदाहास कारणीभूत ठरणाऱ्या औषधांचे जे वर्गीकरण २००७ साली प्रसिद्ध झाले, त्यात ॲमिओडॅरोन दुसऱ्या पायरीवर आहे : औषध पुन्हा दिल्यावर त्रास उलटल्याची किमान एक नोंद आहे, मात्र पित्ताचे खडे, मद्य किंवा इतर औषधे ही कारणे त्या नोंदींत पूर्णपणे वगळता आलेली नाहीत, असा त्या पायरीचा अर्थ. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ठोक्यांचेच दुसरे एक जुने औषध, प्रोकेनामाइड, त्याच वर्गीकरणात सर्वांत वरच्या पायरीवर आहे. आपल्याकडे ते आता फारसे दिसत नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. पुढे तैवानमधील संशोधकांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदी तपासल्या आणि २०१५ साली असा निष्कर्ष मांडला की ज्यांचे ॲमिओडॅरोन चालू होते त्यांच्यात, ते कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत, तीव्र स्वादुपिंडदाहाचे प्रमाण जास्त दिसते. ब्रिटनमधील अधिकृत माहितीपत्रकात तीव्र स्वादुपिंडदाह दुष्परिणामांच्या यादीत आहे आणि त्यापुढे ‘वारंवारता ज्ञात नाही’ असे लिहिलेले आहे. अमेरिकेतील माहितीपत्रकात तो औषध बाजारात आल्यानंतर मिळालेल्या अहवालांच्या भागात आहे.

या पुराव्याला मर्यादा आहेत आणि त्या दुर्लक्षित करणे रुग्णाच्या हिताचे नाही. विम्याच्या नोंदींत कोण किती मद्य घेतो हे नीट कळत नाही. ॲमिओडॅरोन घेणारा रुग्ण बहुतेक वेळा फ्युरोसेमाइड, एनालाप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळीही घेत असतो, आणि या तिन्ही गटांतील औषधांची नावे स्वादुपिंडदाहाच्या यादीत आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णाला अतिदक्षता विभागात एट्रियल फिब्रिलेशन सुरू होते, मग शिरेतून ॲमिओडॅरोन दिले जाते, आणि कागदावर दोन्ही एकत्र दिसतात. तिथे औषध आजारानंतर आले आहे. म्हणूनच तारीख नसलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते. पोट कधी दुखू लागले, पहिली गोळी कधी घेतली, भरणीचा (सुरुवातीला औषध शरीरात भरण्यासाठीचा) मोठा डोस कधी संपला, मात्रा कधी बदलली, या चार तारखा हाती असतील तर विचाराला जागा राहते. त्या नसतील तर ‘औषध : ॲमिओडॅरोन’ एवढी ओळ वाचून कोणालाच काही ठरवता येत नाही.

आता या तारखा हरवतात कुठे, ते मी खिडकीतून जे पाहते त्यावरून सांगते.

आपल्याकडे एट्रियल फिब्रिलेशनचे सगळेच रुग्ण म्हातारे नसतात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तिशी-चाळिशीतील स्त्रिया मोठ्या संख्येने येतात. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झालेली असते, बऱ्याचदा शासकीय योजनेतून, आणि नंतरच्या गोळ्या त्या गावाजवळच्या दुकानातून घेतात. पोट दुखले की शहरात कोण जाणार? त्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात जातात. अशीच एक बाई पोटात मरणाच्या कळा येतात, पाठीपर्यंत जातात, पाणीही उलटून पडते म्हणून आली होती. सोबत भावजय होती आणि तिच्या हातात भाजीची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळ्या गोळ्या. ॲसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची स्ट्रिप पूर्ण होती, कारण ती गोळी चुकवायची नाही हे त्या घरात सगळ्यांना पाठ होते. दुसरी एक स्ट्रिप मात्र कापलेली होती, चार गोळ्यांचा तुकडा, आणि कापताना औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग दुकानातच राहिला होता. ‘ही धडधडीची’, एवढेच भावजयीला सांगता आले, आणि ‘शनिवार-रविवार सुट्टी असते हिला’ हेही. ज्यांनी चिठ्ठ्या वाचल्या आहेत त्यांना हे दुसरे वाक्य पुरेसे असते, कारण आठवड्यातून पाच दिवस द्यायच्या गोळ्या हृदयाच्या चिठ्ठीवर दोनच, डिगॉक्सिन आणि ॲमिओडॅरोन. त्यातली ही कोणती, हे ठरवायला रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड लागले, आणि ते कार्ड घरी कपाटात होते. दुसऱ्या दिवशी मुलाने मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. त्यावर औषधाचे व्यापारी नाव आणि ‘पाच दिवस’ एवढे होते. कधी सुरू केले, किती दिवस मोठा डोस दिला, कधी थांबवायचे, यांपैकी काही नव्हते.

त्या बाईला स्वादुपिंडाला सूज होती. तिचे कारण काय ठरले, हे मी येथे लिहिणार नाही, कारण एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही आणि तिची ओळख उघड होणेही योग्य नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की औषधाचा विचार डॉक्टरांच्या मनात येण्यापूर्वी एक दिवस गेला, आणि तो केवळ कात्रीने कापलेल्या तुकड्यामुळे आणि अपुऱ्या कार्डामुळे गेला.

आपल्यापैकी जे आपत्कालीन विभागात काम करतात त्यांना मी क्रम बदलायला सांगत नाही. ठोके अनियमित असलेल्या रुग्णाचे पोट अचानक दुखू लागले तर आतड्याच्या रोहिणीत गुठळी अडकली आहे का हे आधी पाहावे लागते, कारण तिथे तासांचा हिशेब असतो, आणि आतड्याचा रक्तपुरवठा थांबला तरी अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेत वाढणारे दुसरे विकर) वाढते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखून येऊ शकतो, म्हणून ईसीजी आधी. रुग्ण डिगॉक्सिनही घेत असेल तर मळमळ आणि उलटीचे कारण तेही असू शकते, आणि ॲमिओडॅरोन डिगॉक्सिनची रक्तातील पातळी वाढवते. म्हणूनच दोन्ही एकत्र देताना डिगॉक्सिनची मात्रा साधारण निम्मी करण्याची पद्धत आहे. हे सारे झाल्यावर, वेदना नेमकी असेल आणि लायपेज कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक असेल, किंवा सोनोग्राफी वा सीटीमध्ये स्वादुपिंड सुजलेले दिसत असेल, तर निदान होते. मग कारणाचा शोध सुरू होतो आणि तोही योग्य क्रमानेच होतो : पित्ताचे खडे, मद्य, ट्रायग्लिसराइड १०००च्या वर आहेत का, कॅल्शियम वाढले आहे का. औषध या रांगेत शेवटी येते, आणि त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. खडे दिसले नाहीत, मद्य नाही, ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम ठीक आहे, आणि मग कार्डावर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जाते, तेव्हा त्या शब्दांआधी औषधांची यादी कोणी वाचलेली असते का? अनेकदा नसते. ती वाचलेली नसण्याचे कारण निष्काळजीपणा नाही, हे मी जाणते. भरतीचा कागद भरणारा निवासी डॉक्टर रात्रभर जागा असतो, नातेवाईक गोळ्यांची नावे सांगू शकत नाहीत, आणि पोटाचा विभाग आणि हृदयाचा विभाग यांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत. पण त्याचा परिणाम रुग्णावर होतो. कारण अज्ञात राहिले की तीच गोळी डिस्चार्जच्या यादीत पुन्हा लिहिली जाते, आणि औषध खरोखर कारण असेल तर काही आठवड्यांनी रुग्ण पुन्हा तीच कळ घेऊन येतो.

दोन बारीक गोष्टी येथे नमूद करते, कारण त्या रिपोर्ट वाचताना गोंधळ करू शकतात. पित्ताच्या खड्यामुळे झालेल्या स्वादुपिंडदाहात एएलटी हे यकृताचे विकर सुरुवातीलाच बरेच वाढलेले असते आणि त्याचा निदानाला आधार होतो. परंतु ॲमिओडॅरोन स्वतःच यकृताची ही विकरे वाढवू शकते, त्यामुळे आधीचा एलएफटीचा रिपोर्ट मागवून पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड होते. दुसरे म्हणजे थायरॉइड. ॲमिओडॅरोनमुळे थायरॉइडचे काम मंदावले तर रक्तातील चरबी वाढू शकते. ट्रायग्लिसराइड जास्त सापडले म्हणजे औषधाचा संबंध संपला असे लगेच ठरवू नये, टीएसएच पाहावे.

आता औषध थांबवण्याबद्दल. या ठिकाणी मी अतिशय आग्रहाने लिहिते आहे, कारण हे पत्र रुग्णांच्या नातेवाइकांच्याही वाचनात येईल. पोट दुखते म्हणून घरी बसून ठोक्यांची गोळी कोणीही बंद करू नये. काही रुग्णांत ही गोळी हीच त्यांच्या आणि अचानक मृत्यूच्या मधली एकमेव गोष्ट असते. डॉक्टरांना माझी विनंती अशी आहे की स्वादुपिंडदाहाच्या रुग्णात ॲमिओडॅरोनचा संशय आला तर ते थांबवायचे की नाही, हा निर्णय पोटाच्या वॉर्डात एकट्याने घेतला जाऊ नये, आणि हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या पुढच्या तारखेपर्यंत लांबवलाही जाऊ नये. ज्या हृदयरोगतज्ज्ञाने औषध सुरू केले त्याला त्याच दिवशी फोन व्हावा. औषध शरीरात भरपूर साठलेले असेल तर काही दिवस गोळी न घेतल्याने परिणाम लगेच संपत नाही आणि विचाराला सवड मिळते. भरणीचा डोस नुकताच सुरू झाला असेल तर ही सवड नसते, आणि म्हणून पुन्हा सुरुवातीच्या तारखेचे महत्त्व आहे. ठोक्यांचा वेग आवरण्यासाठी बीटा ब्लॉकर, निवडक रुग्णांत सोटॅलॉल, हृदयाची रचना निरोगी असेल तर प्रोपाफेनोन किंवा फ्लेकेनाइड, कॅथेटरने केले जाणारे ॲब्लेशन (अनियमित ठोक्यांचा उगम निकामी करणे), धोका असलेल्यांना आयसीडी (छातीत बसवायचे, गरज पडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र), हे पर्याय आहेत. त्यांतला कोणता कोणाला, हे सांगण्याचा अधिकार आपला आहे.

एक इशारा मात्र औषधांच्या बाजूने देणे माझे कर्तव्य आहे. असे रुग्ण बहुतेक वेळा ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन घेत असतात. ॲमिओडॅरोन त्यांचा परिणाम वाढवते, खाणे बंद झाले आणि उलट्या होत राहिल्या की आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा आकडा) आणखी वर जातो, आणि ॲमिओडॅरोन थांबवल्यावर पुढचे काही महिने तो हळूहळू खाली सरकत राहतो. म्हणजे गोळी बंद केल्याचा परिणाम रक्त पातळ करणाऱ्या औषधावर उशिरा दिसतो, आणि तोपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो. झडप कृत्रिम असेल तर आयएनआर कमी होणे म्हणजे झडपेवर गुठळी. डिस्चार्जनंतर आयएनआरच्या तारखा जवळजवळ ठेवून त्या कार्डावर लिहून द्याव्यात.

राहिला नोंदीचा प्रश्न, आणि मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते याविषयी.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे समन्वय केंद्र आधी दिल्लीच्या एम्समध्ये होते आणि एप्रिल २०११ पासून ते गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. तिथे जमलेल्या नोंदी स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राच्या साठ्यात जातात. मुंबई, पुणे, नागपूर आणि इतर ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत या कार्यक्रमाची केंद्रे आहेत. फॉर्म साधा आहे. रुग्णाचे पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरे पुरतात. वय, काय त्रास झाला, कधी सुरू झाला, संशयित औषध कोणते आणि कळवणारा कोण, एवढे असले तरी नोंद स्वीकारली जाते. एकाच वेळी चालू असलेल्या इतर औषधांसाठी वेगळा रकाना आहे, आणि फ्युरोसेमाइड, स्टॅटिन वगैरेंची नावे तिथेच लिहायची असतात, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला संशय वाटून देता येतो.

हा फॉर्म भरताना वॉर्डात मला दोन अडचणी सांगितल्या जातात. पहिली, ‘मॅडम, याच औषधाने झाले असे नक्की कुठे आहे?’ नक्की असण्याची गरजच नाही. फॉर्म संशयित दुष्परिणामाचा आहे. एका रुग्णात औषध थांबवल्यावर बरे वाटले यावरून काही सिद्ध होत नाही, कारण स्वादुपिंडाची सौम्य सूज सलाइन आणि उपाशी राहण्याने आठवड्याभरात तशीही उतरते. तेच औषध पुन्हा देऊन पाहणे, पर्याय उपलब्ध असताना, कोणीही करू नये. मग संबंध ठरायचा तरी कसा? शंभर ठिकाणच्या शंभर अर्धवट नोंदी एकत्र आल्यावरच. माहितीपत्रकावरील ‘वारंवारता ज्ञात नाही’ हे शब्द तेथे आहेत ते आजार दुर्मिळ आहे म्हणून असतील किंवा कोणी कळवत नाही म्हणूनही असतील, आणि कळवल्याशिवाय या दोहोंतले खरे कोणते ते समजणार नाही. दुसरी अडचण भीतीची आहे : फॉर्म भरला तर चौकशी लागेल, औषध लिहिणाऱ्या डॉक्टरवर ठपका येईल. तसे होत नाही. नोंद पाठवणे म्हणजे डॉक्टरने, कंपनीने किंवा औषधाने नुकसान केल्याची कबुली नव्हे, असे फॉर्मवरच छापलेले आहे, आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. रुग्ण आणि नातेवाईक स्वतःही कळवू शकतात. त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म आहे, तो मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे.

माझ्या मागण्या लहान आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. हृदयरोगतज्ज्ञांनी ॲमिओडॅरोन सुरू करताना डिस्चार्ज कार्डावर व्यापारी नावासोबत मूळ नाव, सुरू केल्याची तारीख, भरणीचा डोस किती दिवस आणि त्यानंतर किती, हे लिहावे. त्याखाली मराठीत एक ओळ असावी : ‘या गोळीच्या काळात खोकला किंवा दम वाढला, डोळे पिवळे झाले, किंवा पोटाच्या वरच्या भागात सतत दुखून उलट्या झाल्या, तर गोळी स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना हे कार्ड दाखवा.’ ही ओळ शिक्का करून घेता येते. शल्यचिकित्सक आणि फिजिशियन यांनी स्वादुपिंडदाहाच्या रुग्णाच्या कागदावर कारण लिहिण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांतील सगळी औषधे तारखांसह लिहून घ्यावीत, आणि बंद केलेलीही विचारावीत, कारण ॲमिओडॅरोनच्या बाबतीत तीन महिन्यांपूर्वी बंद केलेली गोळीही शरीरातून गेलेली नसते. रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी असेल तर हे काम त्याला किंवा तिला सांगावे. आम्हाला ते येते, आणि बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही म्हणूनच आम्ही ते करत नाही.

आमच्या व्यवसायाच्या वाट्याचेही काही आहे. स्ट्रिप कापायचीच असेल तर नाव आणि मुदत असलेला भाग रुग्णाकडे गेला पाहिजे, आणि ते शक्य नसेल तर पाकिटावर पेनने औषधाचे नाव लिहिले पाहिजे. महाराष्ट्रातील औषध दुकानदार बंधुभगिनींना मी हे वेगळ्या पत्राने कळवत आहे. आपल्यापैकी जे तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करतात त्यांनीही आपल्या शेजारच्या दुकानदाराला एकदा बोलावून हे सांगितले तर ते माझ्या पत्रापेक्षा लवकर अमलात येईल.

आपली विश्वासू,
शासकीय रुग्णालयातील एक औषधनिर्माण अधिकारी